ई-दोन

दोहा, अल नस्र
शनिवार, २५ मे २०१९

गार्गी क्षीरसागर,
ट्रेनर, हेरन्स बेसबॉल क्लब,

वर तुझं पद लिहिलंय, कारण हे पत्र तुझ्या पदाला आहे. मुलीला लिहिलंय असं समजू नकोस. मुलीने दोन वर्षांपूर्वी माझा नंबर ब्लॉक केला, आणि ब्लॉक केलेल्या बाईने मागे लागू नये एवढी अक्कल मला आहे. पण हेरन्सच्या ट्रेनरला कोणीही चाहता पत्र लिहू शकतो. क्लबच्या वेबसाइटवर पत्ता आहे आणि चाहत्यांच्या पत्रांचं स्वागत आहे असंही खाली म्हटलंय. मी चाहती आहे. आज आठ दिवस झाले.

कळलं कसं, तर तुझ्या बाबामुळे. दर शुक्रवारी तो 'गाडी धुऊन आणतो' म्हणून खाली जातो आणि पार्किंगमध्ये बसून तासभर तुझ्याशी बोलतो. दोन वर्षांत ती गाडी खरंच एवढी धुतली असती तर तिचा रंग उडाला असता. मला माहीत नाही असं त्याला वाटतं. वाटू दे बापड्याला. गेल्या शुक्रवारी वर आला आणि फोन उघडाच टेबलावर ठेवून हात धुवायला गेला. फोनवर तू होतीस. डोक्यावर बगळ्याचं चित्र असलेली टोपी, खांद्यावर पट्ट्या-बिट्ट्यांची बॅग, मागे हिरवंगार मैदान. मैदानावरच्या पांढऱ्या रेघा बघितल्या आणि मी ओरडलेच, "अहो, ही बेसबॉलच्या मैदानावर काय करतेय?"

बाबा ओल्या हातांनी बाहेर आला. म्हणाला, "शिक्षण संपलं, नोकरी लागली. टीमची ट्रेनर आहे. कोणाला लागलं की धावत जाते." आणि मग घाबरून म्हणाला, "तू काही बोलू नकोस हं."

मी कशाला बोलू? मी रेडिओ शोधला. तुमचे सामने इंटरनेटवर ऐकू येतात. तुमचे संध्याकाळचे सात म्हणजे आमचे पहाटेचे पाच, आणि मे महिन्यात इथे पाचला लख्ख उजाडलेलं असतं. समोरच्या फ्लॅटमधली जैतून येऊन बसते. तुझे शाळेचे युनिफॉर्म शिवायची ती, दापोलीची. तिचे रोजे चालू आहेत, पहाटेच्या नमाजानंतर झोप येत नाही म्हणते. मी माझा चहा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पिऊन येते, तिच्यासमोर नको. पहिल्या दिवशी म्हणाली, "काय गो, सकाळी सकाळी काय लावलंयस?"

"सॉफ्टबॉल. म्हणजे त्याचा मोठा भाऊ."

"तो तर तू शाळेत खेळायचीस."

"शाळेत नाही जैतून, जिल्ह्याकडून."

आता कामाचं. तुमचा कॅचर पिकेट उजवा खांदा पाडून फेकतो. समालोचक म्हातारा त्याचं फार कौतुक करतो, पण दुसऱ्या बेसवर फेकलेला प्रत्येक बॉल उशिरा पोचतो हे मला नुसतं ऐकून कळतंय. खांद्यात काहीतरी आहे. बघून घे.

आणि बुधवारी एकाच्या मनगटावर बॉल लागला, तेव्हा म्हातारा म्हणाला, "ही बघा आपली नवी ट्रेनर येतेय, गार्जी." मी उभीच राहिले. का ते माहीत नाही. जैतूनही उभी राहिली.

ॲडमिशनच्या त्या फोनचा विषय मी काढणार नाही. युनिव्हर्सिटीचा फोन आला, तू आंघोळीला गेली होतीस, लाइन खराब होती, त्या बाईचं इंग्रजी मला कळलं नाही आणि तुझी सीट गेली. तेव्हाही हेच सांगितलं होतं, आताही हेच सांगते. खलास.

शैलजा क्षीरसागर
कॅचर, नाशिक जिल्हा महिला सॉफ्टबॉल संघ, १९८१ ते ८४


दोहा
मंगळवार, १८ जून २०१९

गार्गीस,

उत्तर आलं नाही. चाहत्यांना उत्तरं येत नसतात, ठाऊक आहे.

तुमच्या बगळ्यांनी एकवीसपैकी तेरा सामने जिंकले. मी एकही सोडलेला नाही. फक्त रविवारचे तुमचे भरदुपारचे सामने माझ्या झोपेत जातात, त्यांचा स्कोअर नंतर वाचून उतरवून घेते. हो, उतरवून घेते. बाबाच्या ऑफिसातल्या मोठ्या आलेखकागदांची वही केली आहे. नऊ ओळी, नऊ रकाने, आमचे सर शिकवायचे तशी. परवा बाबाने बघितली आणि म्हणाला, "हे कागद गॅसच्या पाइपलाइनसाठी असतात." मी म्हटलं, "आता बगळ्यांसाठी आहेत."

जैतूनला सगळं समजावून सांगितलं. मैदानावर प्रत्येकीला नंबर असतो. पिचर एक, कॅचर दोन, पहिल्या बेसवरची तीन. चुकीची खूण ई. म्हणजे कॅचरच्या हातून चूक झाली की वहीत ई-दोन लिहायचं. चुकीवर बॅटर बाद होत नाही, तो पहिल्या बेसवर सुखरूप पोचतो, पण कोणाच्या चुकीमुळे पोचला ते वहीत कायमचं राहतं. जैतून म्हणाली, "बरा खेळ आहे गो. आपल्यात कोण चूक लिहून ठेवतं? आपल्यात तर नशिबावर ढकलतात."

मी तिला ठसक्यात सांगितलं की माझ्या चार वर्षांच्या कारकिर्दीत एकही ई-दोन नाही. तू लहानपणी शंभर वेळा ऐकलं आहेस, पण पुन्हा ऐक. त्र्याऐंशीची फायनल, जळगाव. त्यांच्या बॅटरने बॉल नुसता टेकवला, तो माझ्या पुढ्यात पडला. मी उचलला, पहिल्या बेसवर फेकला. बॉल बाहेर गेला. स्कोअरर ई-दोन लिहायला निघाला. मी मास्क काढला आणि सरळ त्याच्या टेबलाशी गेले. म्हटलं, साहेब, थ्रो सरळ होता, पहिल्या बेसवरच्या मुलीने बेसवरचा पाय सोडला. पाच मिनिटं भांडले. त्याने खोडून ई-तीन केलं. माझी पाटी कोरी राहिली. जैतून म्हणाली, "आणि ती पहिल्या बेसवरची?"

"लता. तिचं काय?"

"काही नाही. असंच विचारलं."

इथे सगळं नेहमीसारखं. घराकडचा रस्ता पुन्हा खणलाय, डायव्हर्जन रोज बदलतं. काल टॅक्सीवाल्याने मला अल रय्यान फिरवून आणलं आणि म्हणाला, "मॅडम, दो हजार बाईस के बाद सब सीधा हो जाएगा, इन्शाल्ला." मेट्रो सुरू झालीय. बाबाला घेऊन एकदा टोकापर्यंत जाऊन आले. तू म्हणायचीस ना, दोह्यात मेट्रो येईल तेव्हा मी म्हातारी झालेली असेन. आली बरं का.

मी तुला तेव्हा हेच सांगत होते. वर्ल्डकपसाठी सगळं जग इथे यायला निघालंय, स्टेडियमं उभी राहतायत, खेळाडूंचे पाय बघायला इथेच किती माणसं लागतील. आणि तू निघालीस उलट्या दिशेने, जिथे दोन हजार माणसं बाकांवर बसून शेंगा खातात त्या गावात. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. आता सामने ऐकते तेव्हा ते शेंगा खाणारे लोक मला घरचे वाटायला लागलेत.

एक गोष्ट मात्र सांगते. तुझं नाव फक्त कोणाला लागलं की ऐकू येतं. नऊ डाव कोणी धडपडलं नाही, तर तू आहेस की नाहीस तेही कळत नाही. रोज देवाला दिवा लावताना म्हणते की बगळ्यांपैकी कोणाला लागू नये. आणि मग हळूच म्हणते, लागलंच तर थोडंसं. घोटा मुरगळण्याइतपत. किती पापी बाई आहे बघ मी.

आणि तो म्हातारा अजून गार्जीच म्हणतोय! क्षीरसागरच्या वाटेला तर तो गेलाच नाही, ते मी समजू शकते. पण गार्जी? तुझं नाव मी ठेवलंय, तुझ्या आत्याशी भांडून. त्याला मी ईमेल करणार आहे.

शैलजा
(आई लिहिणार होते. राहू दे.)


दोहा
गुरुवार, ४ जुलै २०१९

गार्गी,

मी ते लिहिलं नव्हतं! देवाशपथ सांगते. 'आईला फोन कर' हे माझ्या ईमेलमध्ये नव्हतं, ते त्या म्हाताऱ्याने स्वतःच्या मनाने घातलं.

माझ्या ईमेलमध्ये एवढंच होतं की महोदय, आपल्या ट्रेनरचं नाव गार्जी नाही. जी ॲज इन गणपती, नॉट ॲज इन जॉर्ज. दोन्ही जी गणपतीचेच आहेत. आपण कृपया दुरुस्ती करावी. मी कतारहून पहाटे पाचला उठून आपलं समालोचन ऐकते, ते चांगलं असतं, पण पिकेटच्या खांद्याबद्दल आपण गप्प का? खाली सही, आणि सहीखाली लिहिलं, तिची आई आणि तिची पहिली कॅचर. ते लिहिलं, हे खरं आहे. हात गेला.

मला वाटलं गुपचूप सुधारेल. गेल्या आठवड्यात मंगळवारी चौथ्या डावात कोणाच्या पायात गोळा आला आणि तू बाहेर आलीस. म्हातारा खाकरला आणि म्हणाला, "लोकहो, मला दुरुस्ती करायची आहे. कतारहून पत्र आलंय." आणि त्याने अख्खं वाचलं! गणपतीला गनपाटी म्हणाला. जैतूनने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाकली. वाचून झाल्यावर तो दोन मिनिटं हसत होता, आणि मग गंभीर होऊन म्हणाला, "गार्गी, तुझी आई जगाच्या दुसऱ्या टोकाला पहाटे उठून तुझी टीम ऐकतेय. पोरी, तिला फोन कर."

मी रेडिओ बंद केला. पाच महिन्यांच्या बाळासारखी रडले म्हण, मला लाज नाही. मग जैतूननेच परत लावला. म्हणाली, "सामना अर्धा सोडायचा नसतो, तूच सांगितलंस."

आता रोज बाकांवरचे लोक तू बाहेर आलीस की ओरडतात, 'जी ॲज इन गनपाटी!' मला ऐकू येतं. परवा तर एका पोराच्या नाकातून रक्त येत होतं आणि लोक गनपाटी गनपाटी करत होते. तुला कसं वाटतं ते मला माहीत नाही. रागावली असशील. तू रागावलीस की कान लाल होतात तुझे, ते रेडिओवर दिसत नाही.

फोन मी तीन दिवस हातातून खाली ठेवला नाही. आंघोळीला जातानाही बाथरूमच्या कट्ट्यावर. आला नाही. मग लक्षात आलं की ब्लॉक केलेल्या नंबरला फोन करायचा तर आधी तो उघडावा लागतो, आणि ते एका रेडिओवाल्याच्या सांगण्यावरून कोणी का करावं?

शुक्रवारी बाबा गाडी धुऊन वर आला. मी भाजी निवडत होते. तो माझ्याजवळून गेला आणि जाता जाता म्हणाला, "हसली." एवढंच. पण त्या दिवशी त्याला दोन वेळा श्रीखंड वाढलं.

आता खरी बातमी. इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत रत्नप्रभाने विचारलं, "गार्गी तिकडे हॉस्पिटलमध्येच आहे ना गं?" दोन वर्षं मी सगळ्यांना तसंच सांगत आलेय. कुठलं हॉस्पिटल, विचारलं की म्हणायचे, मोठं आहे. या वेळी म्हटलं, "नाही. ती एका बेसबॉल टीमची ट्रेनर आहे. चोवीस दांडगे पुरुष आहेत टीममध्ये, आणि कोणी खेळायचं आणि कोणी बसायचं ते माझी मुलगी ठरवते." सगळ्या बघायला लागल्या. मी वहीच काढून दाखवली. रत्नप्रभाला काही कळलं नाही, पण ती म्हणाली, "शैलजा, तुझा चेहरा किती दिवसांनी असा बघतेय."

बरोबर आहे. छाती फुगली की चेहरा बदलतोच. तुझ्या हातात पहिला बॉल मी दिला, समुद्रकाठी, कॉर्निशच्या हिरवळीवर, तू सहा वर्षांची असताना. तो तू खाली टाकला नाहीस, एवढंच मला म्हणायचं आहे.

तुझी
(पुढे काय लिहायचं ते तू ठरव)


दोहा
मंगळवार, २० ऑगस्ट २०१९

गार्गे,

आज मला सगळं लिहायचं आहे, म्हणून दार लावून बसलेय. बाबाला सांगितलंय की जेवण फ्रिजमध्ये आहे.

शनिवारचा सामना मी ऐकला. सगळा. आठवा डाव, आपण एका धावेने पुढे, जिंकलो तर प्लेऑफ जवळपास हातात. बॅटला निसटता लागलेला बॉल पिकेटच्या मास्कवर आदळला. तो आवाज मला इथे ऐकू आला. मी चार वर्षं तो मास्क घातलाय, मला माहीत आहे आत काय होतं. तो खाली बसला, उठला, हात वर करून ठीक आहे म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि म्हातारा म्हणाला, "पण तो चाललाय कुठे? तो तर समोरच्या टीमच्या बाकाकडे चाललाय." दोनच पावलं. मग वळला.

मग तू आलीस. आणि मैदानावरचं सगळं थांबलं.

म्हातारा एकेक सांगत होता. ट्रेनर त्याला काहीतरी विचारतेय. पिकेट हसतोय. ट्रेनर हसत नाहीये. मॅनेजर बाहेर आलाय. मॅनेजर म्हणतोय खेळू दे, पोरगा उभा आहे. ट्रेनर मान हलवतेय. नाही. मॅनेजर ओरडतोय, त्याची टोपी खाली पडलीय. लोक हुर्यो करतायत. जे लोक रोज गनपाटी करायचे, तेच लोक! एक मिनिट झालं, दोन झाली. म्हाताऱ्याचा आवाज खाली आला. म्हणाला, "चार मिनिटं झाली. गार्गीने हाताची घडी घातली आहे. ही मुलगी हलत नाहीये."

मी खुर्चीवर चढले होते, गार्गी. पंचावन्न वर्षांची बाई, गाऊनवर, खुर्चीवर उभी. ओरडत होते, "हलू नकोस! हलू नकोस गं!" जैतून खालून माझे पाय धरून उभी होती, पडेन म्हणून. बाबा झोपेतून धावत आला, त्याला वाटलं आग लागली.

तू हलली नाहीस. पिकेट बाहेर गेला. राखीव कॅचर आला, कोवळा पोरगा. आणि नवव्या डावात काय व्हावं? बॅटरने बॉल नुसता टेकवला, तो कॅचरच्या पुढ्यात पडला. त्याने उचलला, पहिल्या बेसवर फेकला. बॉल बाहेर. दोन धावा. आपण हरलो. मी वहीत ई-दोन लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं.

लोकांनी तुला काय काय म्हटलं ते मी नंतर क्लबच्या पानावर वाचलं. वाचायला नको होतं. आणि आज पहाटे म्हाताऱ्याने सांगितलं की पिकेटच्या डोक्यात रक्तस्राव निघाला, छोटासा. डॉक्टर म्हणाले, आणखी एक फटका बसला असता तर काही सांगता आलं नसतं. आता तो बरा होतोय. म्हातारा मग म्हणाला, "त्या संध्याकाळी या मैदानावर एकच व्यक्ती बरोबर होती, आणि आपण तिची हुर्यो केली." गार्गे, मला आयुष्यात इतका अभिमान कधी वाटला नाही. स्वतःचा तर नाहीच नाही.

आता ऐक.

तू त्याच्या वतीने 'नाही' म्हणालीस. त्याला खेळायचं होतं, मॅनेजरला हवा होता, दोन हजार माणसांना हवा होता, आणि तू एकटी नाही म्हणालीस, त्याच्यासाठी. मीही एकदा कोणाच्या तरी वतीने नाही म्हणाले आहे.

लाइन खराब नव्हती. १४ मार्च २०१७, मंगळवार, संध्याकाळचे सहा. ती बाई स्वच्छ बोलत होती, सावकाश, माझ्यासारख्यांना कळावं म्हणून दोनदा सांगत होती. म्हणाली, गार्गी येतेय ना, आज नक्की सांगा, यादीत पुढची मुलगी थांबली आहे. मला शब्दन् शब्द कळला. मी म्हटलं, "नो. शी हॅज चेंज्ड हर माइंड." तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, "येस, शुअर. थँक यू." आतून तुझ्या गाण्याचा आवाज येत होता, पाण्याबरोबर. मी फोन ठेवला आणि पोळ्या लाटायला गेले. त्या दिवशी तू तीन पोळ्या खाल्ल्यास.

तीन आठवड्यांनी तुला कळलं. तू विचारलंस, आई, तू काय सांगितलंस त्यांना? आणि मी लाइनवर ढकललं. तुला कळलं होतं की मी खोटं बोलतेय. मलाही कळलं होतं की तुला कळलंय. ऑगस्टमध्ये तू त्या लहान कॉलेजात निघालीस, विमानतळावर फक्त बाबा आला, आणि मी घरात बसून सगळ्या जगाला सांगत राहिले की त्या बाईचं इंग्रजी वाईट होतं.

वर्ल्डकप, नोकऱ्या, स्टेडियमं, सगळी कारणं मी नंतर जमवली. खरं कारण एकच. मला तू घरात हवी होतीस. तू गेल्यावर या फ्लॅटमध्ये मी आणि एसीचा आवाज, एवढंच उरणार होतं, आणि मला त्याची भीती वाटली. पिकेटला तू जगवायला थांबवलंस. मी तुला माझ्यासाठी थांबवलं.

आणि जळगावचंही सांगून टाकते. लताने पाय सोडला नव्हता. माझाच थ्रो वाकडा गेला होता. तरी ती बसमध्ये माझ्या शेजारी बसली आणि तिच्या डब्यातली पुरणपोळी मला अर्धी दिली. छत्तीस वर्षं मी सांगत आले की माझी पाटी कोरी आहे.

सोबत एक कागद पाठवतेय. वहीतलंच पान आहे, रेघा मीच आखल्यात. वर तारीख घातली आहे, १४ मार्च २०१७. एकच ओळ भरली आहे. 'फोन. कॅचरने उचलला. ई-दोन.' खाली स्कोअररच्या जागी माझी सही. या वेळी मी कोणाच्या टेबलाशी भांडायला जाणार नाही.

माफी मागते. पदाला नाही, तुला.

आई


दोहा
रविवार, २९ सप्टेंबर २०१९

गार्गुडे,

आज सकाळी घट बसवले आणि दुपारी बाबा ऑफिसच्या पोस्टबॉक्समधून पाकीट घेऊन आला. तो जिना चढून आला, लिफ्ट यायला उशीर लागत होता म्हणे. साठीला आलेला माणूस, चार मजले. धापा टाकत म्हणाला, "तुझंय." मी म्हटलं, "उघड तू." तो म्हणाला, "छे, नाव तुझं आहे." शेवटी जैतूनने कात्रीने उघडलं.

आत माझाच कागद. माझी ई-दोन तशीच आहे, खोडलेली नाही. मी नीट बघितलं, उजेडात धरून बघितलं. ती तू ठेवलीस हे बरं केलंस. खोडली असतीस तर मला वाटलं असतं की तू दया करतेस. आणि तिच्या खाली पेन्सिलीने तुझी ओळ.

बाबाने मोठ्याने वाचली. 'रनर सेफ आहे, आइ. १२ डिसेंबर, सकाळी ९.४०, दोहा. बाबाला म्हणावं गाडी खरंच धू.'

बाबा लाल झाला. म्हणजे त्यालाही माहीत होतं की मला माहीत आहे! मी हसायला लागले आणि मग हसणं थांबेना, मग दुसरंच काही सुरू झालं. जैतून म्हणाली, "रड गो बाय, रड. सीझन संपला तुझा."

संपला खरा. प्लेऑफ एका सामन्याने गेलं. मंडळात सांगितलं तर रत्नप्रभा हळहळली, म्हणाली, अरेरे. मी म्हटलं, अरेरे काय? ज्या टीमने एक सामना घालवून एक माणूस वाचवला ती माझी टीम आहे, पुढच्या वर्षीही मीच त्यांचा स्कोअर लिहिणार. म्हाताऱ्याला मी ईमेल पाठवलाय. त्याचं उत्तर आलं की पिकेट आता चालतो-फिरतो, आणि खांद्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर निघालं. बघितलंस?

लताचा नंबर मी नाशिकहून मिळवला. काल फोन केला. ती म्हणाली, "शैले, मला वाटलं तू विसरलीस." मी म्हटलं, "मी विसरले नाही, मी लपवलं." पुढचं तू आलीस की सांगेन.

विमानतळाचा रस्ता सध्या तीन ठिकाणी वळवलाय. बाबा आतापासून शुक्रवारी जाऊन बघून येतो, कुठून कमी वेळ लागेल ते. मी येणार आहे या वेळी. पोळ्या आदल्या दिवशी करून ठेवीन.

बारा वर्षं इंग्रजी शाळेत गेलीस, घरात मी मराठीत विचारायचे आणि तू इंग्रजीत उत्तर द्यायचीस. तुझ्या हाताने लिहिलेली मराठी ओळ मी आज पहिल्यांदा बघितली. एक चूक आहे तीत. तू 'आइ' लिहिलं आहेस. त्यात ई दीर्घ असते, बाळा. तू ती ई काढूनच टाकली आहेस.

लाल पेन हातात घेतलं होतं. बाबा बघत होता. ठेवून दिलं. कागद फ्रिजवर लावलाय, जसा आला तसाच.

तुझी,
आइ